‘वाघाची शिकार’: कोणी कोणाची केली?

बर्डीवरचा वाचक
परवा टपरीवर तर्रीपोहे खाता खाता पेपर चाळत होतो. मथळा दिसला: ‘वाघाची शिकार, गावात दहशत’. वाटलं, पुन्हा शिकाऱ्यांनी वाघ मारला. आत वाचलं तर वाघानं गाय मारलेली! ताडोबा-पेंचच्या दारात राहणाऱ्या पेपराला एवढं कळू नये? खालच्याच कोपऱ्यात कोणाचा तरी ‘अंत्यविधी उत्साहात संपन्न’. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मी सोडून देतो. पण शब्दच चुकीचा पडला तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, तेवढ्याच टायपात माफी छापावी.

रात्रपाळी
भाऊ, मी अकरा वर्षं डेस्कवर काढली. तालुक्याची बातमी रात्री साडेअकराला येते, पान सुटायला वीस मिनिटं उरलेली, हेडिंग दोन कॉलमात बसवायचं आणि प्रूफरीडर केव्हाच घरी बसवलेला. १९४८ च्या अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ‘शिकागो ट्रिब्यून’नं ड्यूईनं ट्रुमनला हरवलं असं पहिल्या पानावर छापलं आणि निवडून आले ट्रुमन. छपाई कामगारांच्या संपामुळे पान लवकर सोडावं लागलं होतं. एवढ्या मोठ्या पेपराचं हे, तर आमचं काय!

बर्डीवरचा वाचक
ट्रिब्यूनचा अंदाज चुकला, निकाल यायचे होते. इथं गाय मरून पडली होती. ‘वाघाने गाय मारली’. तुमच्यापेक्षा एकच शब्द जास्त.

संत्राबर्फी
काहून एवढे तापून राहिले बे? समजलं ना शेवटी? सकाळी सकाळी फुकटात हसू आलं, अजून काय पाहिजे!

खामल्याची ताई
सगळंच हसण्यावारी नाही नेता येत. दसऱ्याच्या सुमारास बघा, हमखास कुठंतरी ‘धम्मचक्र परिवर्तन दिन’ दिसतो. प्रवर्तन म्हणजे चाक फिरतं करणं, परिवर्तन म्हणजे बदल. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती याच नागपुरात. इथल्या पेपरात तरी तो शब्द चुकू नये. आणि ६ डिसेंबरला ‘महापरिनिर्वाण दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’! आमच्या घरी त्यावर कोणी हसत नाही.

रात्रपाळी
शुभेच्छांच्या जाहिराती बाहेरून तयार होऊन येतात, ताई. पण ‘परिवर्तन’ माझ्या हातूनही एकदा गेलंय. दिवसभर फोन वाजत होते. दुसऱ्या दिवशी पान पाचवर बारीक खुलासा दिला.

जंगलवाला
मला ‘नरभक्षक’ खटकतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ‘मानवी जिवाला धोकादायक’ अशी भाषा आहे. मथळ्यात मात्र एक हल्ला झाला की वाघ नरभक्षक. २०१८ ची पांढरकवड्याची वाघीण आठवा: वनखात्याच्या कागदावर टी-१, प्राणिप्रेमींच्या तोंडी अवनी, मथळ्यात नरभक्षक. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांचा राग खोटा नव्हता. पण ती मारावी की नाही यावर वाद चालू असताना मथळा आधीच निकाल देऊन मोकळा. ही घाईतली चूक नाही, रात्रपाळीसाहेब. हा शब्द तुम्ही निवडता.

रात्रपाळी
निवडतो, कबूल. ‘मानवी जिवाला धोकादायक’ दोन कॉलमात बसवून दाखवा मग. आणि तेवढ्याच टायपात माफी छापायची ठरवली तर पहिल्या पानावर बातमीला जागा उरणार नाही.

बर्डीवरचा वाचक
बरं, पान पाच तर पान पाच. पण ‘कालच्या अंकात अनवधानाने चूक झाली’ एवढंच नका छापू. कोणती झाली, ते तरी सांगा!