स्प्रिंगची नवी एअर रायफल : दुर्बीण लावल्यावर नेम का विखुरतो?

कृष्णाकाठ :
नमस्कार. मी नुकतीच 4.5 मिलिमीटर नळीची, नळी मोडून (खाली वाकवून) छर्रा भरायची स्प्रिंगची एअर रायफल घेतली आहे. परवाना न लागणाऱ्या प्रकारातील हिच्याइतकी ताकदवान रायफल दुकानात दुसरी नव्हती. विक्रेत्याने ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन रीतसर पावती दिली आहे. शेतात चाचणी घेताना 10 मीटरवर दुर्बिणीशिवाय, नळीवरच्या साध्या माशीने (नेम धरायच्या उंचवट्याने) नेम धरला, तेव्हा छर्रे दोन-अडीच सेंटिमीटरच्या आत लागले. मात्र दुर्बीण बसवून, रायफल वाळूच्या पिशवीवर घट्ट दाबून 25 मीटरवर नेम धरला, तर भोके वीतभर जागेत विखुरली. सुरुवातीच्या काही छर्ऱ्यांच्या वेळी नळीतून धूर निघाला, जळक्या तेलाचा वास आला आणि आवाजही फटाक्यासारखा झाला. रायफल सदोष समजून परत करावी, की माझ्या पद्धतीतच काही चुकते आहे? लक्ष्याचा कागद सध्या कडब्याच्या गंजीला टाचला आहे आणि गंजीमागे विहिरीचा दगडी कठडा आहे.

चांदमारी :
धुराची काळजी करू नका. कारखान्यात लावलेले तेल किंवा ग्रीस, स्प्रिंग ज्याला ढकलते त्या पिस्टनपुढच्या पोकळीत राहिलेले असते. पिस्टन सुटला की तेथील हवा क्षणात इतकी दाबली जाते आणि तापते की ते तेल पेट घेते. काही दिवसांत हे आपोआप थांबते. तोवर छर्ऱ्याचा वेग प्रत्येक वेळी निराळा राहतो, त्यामुळे या काळात दुर्बिणीचे नेम जुळवायचे स्क्रू फिरवत बसण्यात अर्थ नाही. नळीच्या मागच्या तोंडातून वंगण मात्र कदापि सोडू नका, आणि छर्रा न भरता चाप ओढू नका, कारण पुढे हवेची गादी नसल्यामुळे पिस्टन थेट धातूवर आपटतो.

मूळ दोष मला त्या वाळूच्या पिशवीत दिसतो. स्प्रिंगच्या रायफलीला दोन धक्के असतात : पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते आणि तो टोकाला थांबताच ती पुढे झेपावते. ही हालचाल सुरू होते तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. म्हणून रायफलीला दरवेळी सारख्याच रीतीने हलू द्यावे लागते. डाव्या हाताचा तळवा उघडा ठेवून त्यावर दस्त्याचा पुढचा भाग नुसता टेकवा, बोटांनी आवळू नका, आणि मागचा भाग खांद्याला हलकेच लावा. तळवा पिशवीवर ठेवला तरी चालेल, पण रायफल थेट पिशवीवर नको. अभिनव बिंद्रा यांनी 2008 साली बीजिंगमध्ये ज्या 10 मीटर प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्या स्पर्धेच्या रायफली आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालतात. त्यांची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल, म्हणजे तुमच्या रायफलीच्या निम्म्याहूनही कमी असते आणि धक्का जवळजवळ नसतो. त्या नेमबाजांचे पाहून जाकीट, पट्टा आणि घट्ट पकड यांचे अनुकरण येथे करू नये.

गोफण :
पकडीचा मुद्दा मान्य आहे, पण माझ्या मते त्याआधी पेचकस हातात घ्यावा. या ताकदीच्या रायफलीत दस्त्याचे आणि दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू थोड्याच वापरात ढिले होतात, आणि दुर्बीण धक्क्यागणिक रायफलीवरच्या तिच्या खाचेतून केसभर मागे सरकते. खाचेवर पेन्सिलने रेघ मारून ठेवा, म्हणजे सरकणे लगेच दिसेल. दुसरे म्हणजे दुर्बीण स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी बनवलेली आहे का ते पाहा. पुढच्या दिशेने येणाऱ्या झटक्याची तयारी नसलेल्या दुर्बिणी आतून निखळतात, मग त्या कितीही महाग असोत.

छर्रेही बदलून पाहा. खोक्यावरचा मोठा वेग बहुधा सर्वांत हलका छर्रा वापरून मिळवलेला असतो, आणि नेमासाठी तो फारसा कामाचा नसतो. 0.55 ग्रॅमच्या आसपासचा गोल डोक्याचा छर्रा सेकंदाला 265 मीटर वेगाने सुटला, तर सुमारे 19 ज्यूल ऊर्जा होते. 25 मीटरसाठी हे पुरेसे आहे. पाठीमागचा घेर दबलेले छर्रे आधीच वेगळे काढा.

बांधावरून :
नेमाचे पुढे पाहता येईल, आधी ती गंज सोडा. छर्रे शिशाचे असतात. कडब्यात रुतलेला छर्रा गव्हाणीत जातो आणि गुरांना शिशाची विषबाधा होते. ज्या पेंढ्यांत छर्रे गेले असतील त्या जनावरांना घालूच नका. दगडी कठडा तर त्याहून वाईट, कारण या ताकदीचा छर्रा दगडावरून कोठेही उसळतो. बिनखड्यांच्या मऊ मातीने भरलेली पोती दोन थरांत रचून त्यांवर कागद लावा आणि त्यांच्यामागे उंच मातीचा बांध येईल अशी जागा निवडा. चुकलेला छर्रा दोन-तीनशे मीटर सहज जाऊ शकतो, त्यामुळे पलीकडे वाट, गोठा किंवा वस्ती असता कामा नये. डोळ्यांवर चष्मा हवा आणि नंतर हात साबणाने धुवावेत. छर्रा भरताना मोडलेली नळी दुसऱ्या हाताने धरून ठेवा, कारण ती चुकून सुटली तर बोट गेलेच म्हणून समजा. मोर आणि इतर रानपाखरांवर नेम धरणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तुरुंगात नेऊ शकते, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा.

कृष्णाकाठ :
सर्वांचे आभार. गंज मोकळी केली आहे आणि बांधाला पोती लावली आहेत. दुर्बिणीचे मागचे कडे खरोखरच ढिले निघाले. ते आवळून आणि उघड्या तळव्यावर रायफल टेकवून पाहिले, तर 25 मीटरवर भोके चार-पाच सेंटिमीटरमध्ये आली. धूरही कमी झाला आहे. एका दुकानदाराने आणखी कडक स्प्रिंग बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. ती घ्यावी का?

गोफण :
घेऊ नका. 2016 च्या शस्त्र नियमांतील सूट 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीला आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेला आहे. तुमची रायफल आधीच त्या मर्यादेला टेकलेली दिसते. कडक स्प्रिंगने ती ओलांडली, तर तीच रायफल विनापरवाना शस्त्र ठरेल, शिवाय धक्का वाढून आत्ता जमलेला नेमही बिघडेल. त्या पैशांत दोन-तीन निरनिराळ्या वजनांचे छर्रे आणा आणि कोणते एकत्र लागतात ते येथे कळवा.