मदत हवी आहे: आजोबांचा नेटार फोल्डिंग कॅमेरा नक्की कोणत्या सालचा?

नमस्कार मंडळी,

आजोबांचा झाइस आयकॉन नेटार सध्या माझ्याकडे आहे. चामड्यावर 518/16 असा मॉडेल नंबरचा ठसा, लेन्स नोव्हार 75 मिमी एफ 4.5, शटर प्रॉन्टर-एसव्हीएस. मोठे काका म्हणतात हा 1948 चा. आजी-आजोबांचे पर्वतीवरचे फोटो त्या साली काढलेत आणि "घरात दुसरा कॅमेरा कधी नव्हताच!"

मला पटत नाही. ते फोटो आयताकृती आहेत, साधारण 6 बाय 9 सेंमीचे कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्हच्याच मापाचे. नेटार 120 च्या रोलवर 6 बाय 6 चे बारा चौरस फोटो काढतो. म्हणजे तेव्हा कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला असणार. (काकांना हे अजून सांगायचंय. धीर होत नाही.)

शिवाय शटरवर फ्लॅशच्या वायरची पिन आहे आणि एम, एक्स, व्ही अशी खटकी. एम आणि एक्स फ्लॅशच्या जुळणीसाठी, व्ही म्हणजे सेल्फ टायमर. 518 मालिका 50 च्या दशकातली, एवढं मी वाचलंय. शटरच्या वेगाचे आकडे (सेकंदाचा कितवा भाग) 25, 50, 100, 300 असे जुन्या पद्धतीचे आहेत, नंतरचे 30, 60, 125 नाहीत. त्यावरून दशकाचा पहिला अर्धा भाग म्हणता येईल का?

दुसऱ्या टोकाची हद्द पक्की आहे. नारायण पेठेतल्या वाड्यात 12 जुलै 1961 ला पानशेतचं पाणी शिरलं, तेव्हा कॅमेरा माळ्यावर होता म्हणून वाचला. यावर घरात कुणाचंच दुमत नाही, ही आमच्याकडे दुर्मिळ गोष्ट.

लेन्सच्या नंबरवरून साल काढा, असं सगळीकडे सुचवतात. पण नंबर आणि साल जुळवलेल्या त्या याद्या कार्ल झाइस या लेन्स बनवणाऱ्या वेगळ्या कंपनीच्या स्वतःच्या लेन्सच्या. नोव्हार त्यांची नव्हे, झाइस आयकॉन ती दुसरीकडून बनवून घ्यायची. त्यामुळे तो रस्ता बंद. उरला बॉडीवरचा नंबर, पुढे एक इंग्रजी अक्षर असलेला. या अक्षरांवरून साल लावता येतं का? कुणाकडे बिलासकट 518/16 असेल तर अक्षर आणि खरेदीचं साल कृपया सांगा, जुळवून बघतो.

भाता (लेन्स आणि बॉडीमधला घड्यांचा भाग) अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून तपासला, एका कोपऱ्यात बारीक छिद्र आहे. पुण्यात भाता दुरुस्त करणारं कुणी माहीत असेल तर तेही कळवा. किंमत नको, विकायचा नाहीये.