पाय मुरगयला, सूज उतरून नाई राह्यली, वेचणीले जाऊ का?

वणीची_कास्तकारीण
नमस्कार. मंगळवारी धुऱ्यावरून उतरली अन् पाय सरळ भेगेत गेला, पंजा आत वळला, कटकन आवाज आला. आज सहावा दिवस. बाहेरच्या घोट्याखाली लिंबाएवढी सूज हाये अन् कालपासून निळा डाग बोटांपर्यंत उतरला, त्याचंच जास्त भेव वाटून राह्यलं. सासूबाईनं आंबेहळदीचा गरम लेप लावला, मंग गावातल्या एकानं तेल लावून जोरात चोळला तर त्या रात्री सूज दुप्पट. लंगडत चालता येते. कापूस फुटून लोंबून राह्यला, बाया भेटत नाईत, मी गेली तर चालन काय?

धुऱ्यावरचा
ताई चोळणं आधी बंद करा. मी गेल्या साली दहाव्या दिवशीच वखरामागं गेलो अन् ढेकळावर तोच पाय पुन्हा गेला, मंग पुरा दीड महिना घरी बसलो, सोयाबीन दुसऱ्याकडून काढून घेतलं.

फिजिओ_वर्धा
निळ्या डागाला घाबरू नका, आत सांडलेलं रक्त वजनानं खाली उतरतं, जाईल हळूहळू. पण आज एक करा, दुखऱ्या पायाच्या आतल्या अन् बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड खालून वर चार बोटं दाबून पाहा, अन् करंगळीच्या बाजूला पायाच्या मधोमध जो उंचवटा लागतो तोही. नेमकं हाडावर दुखलं, किंवा पडल्यावर लगेच वा आता 4 पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढाच. सूज आहे तोवर गरम काही लावू नका, बर्फ रुमालात गुंडाळून 15 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधा, बोटं बधिर झाली तर सैल करा, झोपताना पायाखाली दोन उशा. हाड ठीक निघालं तर नुसतं पडून राहू नका, घोटा हळूहळू वरखाली हलवा, अन् दुखणं कमी झालं की भिंत धरून एका पायावर 30 सेकंद उभं राहायची सवय करा. घोट्याचा तोल परत आल्याशिवाय भेगाळलेल्या रानात जाऊ नका, पाय दुसऱ्यांदा तिथंच मुरगळू शकतो.

वणीची_कास्तकारीण
दाबून पाह्यलं. बाहेरच्या हाडाच्या मागं बोट ठेवताच जीव गेल्यासारखं झालं. उद्या सकाळच्या एसटीनं एक्स-रेले जाते. वेचणीले जाऊबाई अन् तिची पोरगी येतो म्हणल्या.