थंड असताना सुरू होत नाही, तापल्यावर बंद पडतो: २०१२चा डेस्कटॉप

डिचोलीकर

असेंबल केलेला पीसी आहे. आय३-२१२०, एच६१ बोर्ड, डीडीआर३च्या ४ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, कॅबिनेटबरोबरच आलेला '४५० वॅट'चा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), विंडोज १०.

सकाळी बटण दाबलं की पंखे दोन सेकंद फिरून थांबतात. बीप नाही, स्क्रीनवर काही नाही. पाचव्या-सहाव्या खेपेला सुरू होतो. मग वीस-पंचवीस मिनिटांनी, व्हिडिओ चालू असला की फटकन बंद. लगेच परत लावला तर दोन मिनिटांत पुन्हा तेच. बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) प्रोसेसरचं तापमान ८८ अंश दिसतं. घड्याळही रोज मागे जातं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ येतं. पाऊस सुरू झाल्यापासून जास्त झालंय. दुकानात 'बोर्ड गेला, सगळंच नवं घ्या' म्हणतात. चवथीच्या आत चालू व्हायला हवा. खरंच बोर्ड गेलाय का?

सोल्डरगन

बोर्ड पूर्ण गेला असता तर सहाव्या खेपेलाही सुरू झाला नसता. इथे दोन वेगळे आजार एकत्र आलेत. थंड असताना अडतो आणि जरा ऊब आली की चालतो, हे बहुधा एसएमपीएसमधल्या म्हाताऱ्या कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांचं) लक्षण. आतला द्रव सुकला की थंडपणी त्यांचा रोध वाढतो, आणि दोन-चार वेळा वीज खेळली की थोडा उतरतो. तापल्यावर बंद पडतो आणि निवल्यावर चालतो, तो हीटसिंकचा, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा प्रश्न. एकावर दुसऱ्याचं औषध करू नका. कर्नल-पॉवर ४१ बघून काही कळणार नाही. पीसी नीट बंद झाला नव्हता एवढंच ते सांगतं, कारण नाही.

आधी उष्णतेचं बघा, ते जवळजवळ फुकटात होतं. बायोसमध्ये प्रोसेसर पूर्ण विश्रांती घेत नाही, त्यामुळे तिथे ५०-५५ दिसलं तरी चालेल. ८८ म्हणजे हीटसिंक प्रोसेसरला टेकलेलाच नाही किंवा दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून चुना झालीय. प्लग काढून कॅबिनेटचं झाकण उघडा. इंटेलच्या मूळ कूलरला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात, त्यांतली एखादी वर आलेली सापडण्याची शक्यता दाट. पंखा हीटसिंकपासून सुटा करा. वरून स्वच्छ दिसतो, पण पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मध्ये धुळीचा नमदा बसलेला असतो, बोटाने सोलून निघेल इतका जाड. डिचोलीच्या तांबड्या धुळीत तर नक्कीच. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं.

कूलर काढायला खुंट्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती चिंधीने दोन्ही पृष्ठभागांवरून पूर्ण पुसा. नवी पेस्ट मधोमध, तुरीच्या दाण्याएवढी. ती पसरवायचं काम हीटसिंकचा दाब करतो. बसवण्याआधी खुंट्या मूळ जागी उलट फिरवून घ्या, नाहीतर त्या अडकतच नाहीत. मग समोरासमोरच्या तिरक्या दोन एकदम दाबा, नंतर उरलेल्या दोन. 'कट्' आवाजावर विश्वास ठेवू नका. बोर्डाच्या मागून बघा, चारही भोकांतून पांढरे पाय फाकलेले आणि मध्ये काळी खुंटी दिसलीच पाहिजे.

कुडचडेकर

वरच्याशी सहमत, पण एसएमपीएसवर बोट ठेवण्याआधी रॅम बघा. खाऱ्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्या मळकट होतात, मग स्पर्श सुटतो. दोन्ही काढा, पांढऱ्या खोडरबराने पट्ट्या घासा, भुसा झटका, अल्कोहोलने पुसून वाळू द्या. स्लॉटमध्ये मऊ ब्रश फिरवा. मग एकच रॅम लावून बघा, नंतर दुसरी. हार्डडिस्क, डीव्हीडी, यूएसबीवरचं सगळं सोडवा. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे, वेगळं कार्ड असेल तर तेही काढा.

वीसेक रुपयांचा छोटा बझर बोर्डावरच्या स्पीकरच्या पिनांना लावा. मग रॅम अजिबात न लावता बटण दाबा. बीप वाजली तर प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही बहुधा शाबूत आहेत, आणि दुकानातलं निदान तिथेच संपलं.

घड्याळ मागे जातं म्हणजे सीआर२०३२ बटण सेल संपला. नवा ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो, २.७च्या खाली आला की बदला. सेल गेला म्हणून पीसी सहसा अडत नाही, पण बायोसची मांडणी विसरली जाते. साटा मोड (हार्डडिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीईवर गेला तर विंडोज निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणतं आणि लोक हार्डडिस्क फेकून देतात. सेल बदलल्यावर तो मोड आधी होता तसा ठेवा.

डिचोलीकर

कूलरची एक खुंटी पूर्ण सुटलेली होती आणि सोल्डरगन म्हणतात तो नमदाही निघाला. पेस्ट नवी लावली, बायोसमध्ये आता ४९. दोन तास व्हिडिओ लावला, बंद पडला नाही. रॅम घासल्या, सेल बदलला (जुना २.४१ होता). बझर लावून रॅमशिवाय बटण दाबलं, चौथ्या खेपेला का होईना, पण बीप आली. सकाळचा त्रास मात्र तसाच. मल्टिमीटर आहे, कुठे काय मोजू?

सोल्डरगन

प्लग चालू, पीसी बंद. २४ पिनांच्या जोडणीत जांभळी तार शोधा, ती ५ व्होल्ट स्टँडबाय, म्हणजे पीसी बंद असतानाही चालू राहणारी वीज. काळा प्रोब कुठल्याही काळ्या तारेला, लाल प्रोब जोडणीच्या मागच्या बाजूने आत. ४.७५ ते ५.२५ यायला हवं. मग बटण दाबताना पिवळी बघा, ११.४ ते १२.६.

हिरवी-काळी तार क्लिपने जोडून 'पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठीक' ही चाचणी कामाची नाही. बिनभाराचा पंखा अर्धमेला एसएमपीएसही फिरवतो.

डिचोलीकर

जांभळी ४.५८. बटण दाबल्यावर पिवळी १०.७पर्यंत पडते आणि सगळं थांबतं.

सोल्डरगन

सापडलं. एसएमपीएस बदला. उघडून कपॅसिटर बदलायचा मोह सोडा. मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतो. नव्यावर '४५० वॅट' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा, २५च्या वर असावेत. ८० प्लसची (वीज कमी वाया जाते याची) खूण असलेला घ्या. तुमच्या पीसीला तेवढी वीज लागतच नाही, पण हलका डबा परत दोन पावसाळ्यांत असाच बसेल. बोर्डावर प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीचे कपॅसिटरही टॉर्चने बघून घ्या. माथा सपाट हवा, फुगलेला किंवा तपकिरी डाग असलेला नको.

कुडचडेकर

नवा लावायच्या आधी सॉकेटचं अर्थिंग तपासा. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. तसं असलं तर एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर मेनच्या निम्म्याएवढा व्होल्ट येतो, टेस्टर मंद पेटतो आणि पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. तो दोष एसएमपीएसचा नव्हे, वायरमनला बोलवा. आणि मागच्या रिकाम्या स्लॉटांना पट्ट्या लावा, पाली तिथूनच आत शिरतात.