मदत हवी आहे: रविवारी बीचवर मुलांना पाण्यात न्यायला नाही कसं म्हणू?

रानजाई
लवकर उत्तर द्या, परवा निघायचंय. मी इथे व्हॉलंटियर म्हणून शाळेत शिकवते आणि एका कुटुंबात राहते. रविवारी चर्च आटोपलं की सगळं घर बीचवर जाणार, शेजारची मुलंपण. आज जेवताना आंटीने सगळ्यांसमोर जाहीर केलं की सिस्टरला पोहता येतं, ती तुम्हाला पाण्यात नेईल. तेव्हापासून मुलं नाचतायत. मला पोहता येतं ते टिळक तलावात! समुद्रात गुडघ्याच्या पलीकडे कधी गेले नाही. आंटी फार मायेने वागते, तिला वाटायला नको की मला पोरांची कटकट नकोय. कसं सांगू? शिवाय खर्च मी करायचा असतो का? आणि मी शाकाहारी आहे.

दर्यासारंग_मालवण
आधी भरतीची वेळ बघा, बाकी सगळं नंतर. ओहोटीला मुलं पाण्यात घालायची नाहीत. भरती लागली की पाणी आत ढकलतं, तेव्हा बरं. एवढा एक नियम पाळला की झालं.

पुणेरी_टोमणा
'इथे' म्हणजे कुठे? देश कोणता, समुद्र कोणता, मुलं केवढी? बालीपासून ब्राझीलपर्यंत सगळीकडे 'इथे'च असतं.

रानजाई
घाना. केप कोस्ट. मुलं पाच ते तेरा. बीच एल्मिनाच्या पुढे, ब्रेनू की काहीतरी म्हणाले अंकल. पण देशाने काय फरक पडतो, नाही म्हणायची पद्धत बदलते का?

पुणेरी_टोमणा
पद्धत नाही, पाणी बदलतं.

निवृत्त_प्रवासी
घानाला जाण्याआधी यलो फीव्हरची लस सक्तीची आहे. किमान दहा दिवस आधी घ्यावी. परतताना पिवळं कार्ड नसेल तर आपल्याकडे विमानतळावरून थेट सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. आमच्या ग्रुपमधल्या एकांनी कार्ड चेक-इनच्या बॅगेत टाकलं होतं, केवढा गोंधळ.

रानजाई
काका, मी घानातच आहे. लस झालीय, कार्डही आहे. प्रश्न रविवारचा आहे.

तेमाची_सून
मी घानातच, तेमाला राहते. रानजाई, मालवणचा नियम इथे लावू नकोस. इथे भरती-ओहोटीत जेमतेम मीटरभराचा फरक, मुंबईत तो चार-साडेचार मीटरपर्यंत जातो. इथला त्रास वेगळाच. समोर उघडा अटलांटिक, लांबून आलेल्या लाटा थेट काठावर आपटतात आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेतात. बहुतेक ठिकाणी जीवरक्षक नसतोच. पाच वर्षांच्या पोराला गुडघाभर पाणीसुद्धा जास्त होतं.

दर्यासारंग_मालवण
समुद्र तो समुद्र, ताई. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला पुण्याची १४ कॉलेजची मुलं गेली, ती काय अटलांटिकमध्ये? वेळ न बघता उतरलं की असं होतं.

तेमाची_सून
मी वेळ बघू नका म्हटलं नाही. नुसती वेळ बघून इथे भागत नाही म्हटलं.

फिजिक्सवाले_सर
दोघांचं भांडण बाजूला ठेवून कामाचं सांगतो. काठावर पोचलात की पाण्याकडे पाठ न करता पाच-दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहा. लाटा सगळीकडे फुटत असतात आणि मध्येच एका पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी शांत आणि जरा गडद दिसतं. सगळे 'इथे बरं आहे' म्हणून तिथेच घुसतात. पण काठावर आलेलं पाणी परत आत जायची ती वाट असते. त्यात सापडलात तर काठाकडे सरळ पोहत दम घालवायचा नाही. तरंगत राहायचं, हात वर करून ओरडायचं, जमलं तर काठाला समांतर बाजूला सरकायचं. आणि कोणी ओढलं गेलं तर तलावात शिकलेल्याने मागून उडी मारायची नाही. तरंगणारी वस्तू फेकायची.

तेमाची_सून
सर, वस्तू घरातच असेल. रानजाई, पाणी भरायचे पिवळे कॅन आहेत ना, कुफुअर गॅलन? रिकामा घ्या, झाकण घट्ट लावा, मुठीला लांब दोर बांधा.

आता नाही म्हणायचं. मुलांसमोर बोलू नकोस, आंटीचा शब्द खाली पडतो. आज रात्री ती एकटी असताना जा. "आंटी, प्लीज, मला समुद्राची भीती वाटते," एवढंच. प्लीज आधी लावायचं, इथे त्याशिवाय वाक्य उद्धट वाटतं. पोहणं कच्चं आहे वगैरे स्पष्टीकरण देत बसू नकोस. माझ्या ओळखीतल्या बहुतेक बायका स्वतः पाण्यात जात नाहीत. समुद्राची भीती म्हटलं की कोणी वाईट वाटून घेत नाही.

चिंतातुर_जंतू
मुळात शिकवायला एवढ्या लांब पैसे भरून जायचं कशाला? मेळघाटात शाळा नाहीत का?

पुणेरी_टोमणा
त्यावर धागा काढा, तिथे येतो भांडायला.

आफ्रिका_रिटर्न
खर्चाचं कोणीच बोललं नाही. जाताना ट्रोट्रोचं, म्हणजे तिथल्या शेअर मिनीबसचं, भाडं तूच देऊन टाक.

तेमाची_सून
अजिबात नको. ड्रायव्हरसमोर पैसे काढलेस तर अंकलना कसं वाटेल? निघायच्या आधी आंटीच्या हातात, उजव्या हाताने, जमेल तेवढे दे आणि थंड पेयांसाठी आहेत म्हण. खाण्याचं: रेड-रेड मागशील तर मासे नाहीत ना विचार, चवळी असली तरी बऱ्याचदा सुक्या मासळीची पूड पडते. शितो चटणीत सुके मासे आणि सुकट असतेच. केलेवेले चालेल, आलं-मिरची लावून तळलेली पिकी राजेळी समज. भाजलेलं प्लँटेन आणि शेंगदाणे रस्त्यावर मिळतात, पोट भरतं.

औषधवाली
मलेरियासाठी कुठली गोळी चालू आहे?

रानजाई
डॉक्सी, रोज. त्याचा काय संबंध?

औषधवाली
आहे. डॉक्सीसायक्लिनवर कातडी उन्हाला पटकन भाजते. नेहमी करपत नाही म्हणून गाफील राहू नकोस. लांब बाह्यांचा सुती शर्ट, टोपी, सनस्क्रीन दर दोन तासांनी, आणि दुपारी सावली. स्विमसूटचा विचार असेल तर सोडून दे.

रानजाई
नव्हताच, टी-शर्ट आणि शॉर्ट्स घालणार होते. आता फुलशर्ट घालते. दर्यासारंग, तुमच्यासाठी: अंकल म्हणतात वाटेत थांबून कोळ्यांचं जाळं ओढायला हात लावू. दोन लांब दोर, दोन रांगा, गाणं म्हणत ओढतात, लहान पोरंपण.

दर्यासारंग_मालवण
अहो, ही तर आमची रापण! होडीने जाळं अर्धगोल टाकून येतात, मग दोन्ही टोकं किनाऱ्यावरून खेचायची. ओढणाऱ्याला वाटा मिळतो का तिकडे? आमच्याकडे मिळायचा. आता यांत्रिक बोटींनी रापणीला मासळीच ठेवली नाही.

तेमाची_सून
मिळतो, मूठभर का होईना. रविवार आहे म्हणून बघायला मिळेल, मंगळवारी या किनाऱ्यावर बहुतेक कोळी समुद्रात जातच नाहीत. फोटो काढायचा तर आधी विचार. आणि तिथे अनवाणी फिरू नकोस, होड्यांजवळची वाळू नेहमी स्वच्छ असतेच असं नाही.

रानजाई
आत्ता बोलून आले. आंटी खो खो हसली, म्हणाली, मलापण वाटते भीती, मुलं तुझं ऐकतात म्हणून तुझं नाव घेतलं. ठरलं असं: अंकल पाण्याच्या बाजूला उभे राहणार, मी काठाच्या, मुलं मध्ये, घोट्यापर्यंतच. मोठा तेरा वर्षांचा रुसलाय, त्याला गॅलनचा दोर सांभाळायचं काम दिलंय. पैसे घेतले तिने, थोडे परत केले. सर, शांत पट्टा दिसला तर मुलांनाही दाखवीन.

दर्यासारंग_मालवण
छान. जाळ्याच्या मधल्या खोळीची भोकं केवढी आहेत ते बोटाने मोजून सांगाल का? आणि दोर काथ्याचा की नायलॉनचा?

पुणेरी_टोमणा
धागा मदतीचा आहे, रापणीचा नाही. वेगळा काढा.

दर्यासारंग_मालवण
काढतो. पण भोकं बघाच.