गरम पाण्याच्या पाइपला फोम गुंडाळून खरंच वीज वाचते का?

उंबरठा
आमचा गिझर घराच्या एका टोकाला आणि किचनचा नळ पार दुसऱ्या टोकाला, मधे १० मीटर पाइप, त्यातला बराचसा माळ्यावरून उघडाच गेलाय. सकाळी नळ सोडला की आधी नुसतं गार पाणी, काल बादली लावून मोजलं तर जवळपास ४ लिटर भरलं तेव्हा कुठे हाताला ऊन लागलं. आई म्हणते पाइपला फोम घाल, भाऊ म्हणतो पाणी काही सेकंदात पुढे जातं तेवढ्यात काय गार होणार. मलाही ते पटतं, पण पाइपला हात लावला तर चटका बसतो, म्हणजे उष्णता बाहेर जातेच आहे ना? कुणी करून बघितलंय का?

मोजपट्टी
भावाचं बरोबर आहे पण अर्धंच. नळ चालू असताना उघड्या पाइपातही पाणी १० मीटरमधे जेमतेम अर्धा-एक अंश उतरतं, तिथे फोमने काही मोठं साधत नाही. खरं नुकसान नळ बंद केल्यावर होतं, तेव्हा पाइपात जे पाणी अडकून राहतं ते तिथेच निवतं. आतून २० मिमीचा पाइप धरला तर १० मीटरात ३ लिटरच्या वर पाणी मावतं, ते ६० वरून २० अंशांवर आलं की साधारण १४० वॉट-तास गेले. असं सात वेळा झालं की एक युनिट. उघड्या पाइपातलं पाणी अर्धं निवायला वीसेक मिनिटं लागतात, चांगला फोम असेल तर तासाच्या वर. म्हणजे दर अर्ध्या-पाऊण तासाने नळ सोडत असाल तर फायदा नक्की आहे, पण रात्रभरात फोमच्या आतलंही निवणारच, त्यामुळे सकाळची ती बादली काही टळायची नाही हे आधीच सांगून ठेवतो.

उंबरठा
अरे हे लक्षातच आलं नव्हतं! आमचा पाइप प्लॅस्टिकचा आहे, तांब्याचा नाही, मग तो आपोआपच उष्णता धरून ठेवत नाही का?

मोजपट्टी
तसं वाटतं खरं, तांबं प्लॅस्टिकपेक्षा हजार पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. पण पाइपची भिंत दोन-तीन मिमीची, तेवढ्याने फार अडत नाही. फोममधे बारीक बारीक कप्प्यांत हवा कोंडलेली असते, अडवायचं काम ती करते. म्हणून फोम दाबून, आवळून बांधू नका आणि भिजू देऊ नका, ओला झाला की संपलं.

जिना_खालचा
मी स्वतः केलंय म्हणून सांगतो, सुरुवात गिझरपासून करा. साठवणीचा गिझर असेल आणि तो चालू ठेवत असाल तर त्याला लागून जो पहिला मीटरभर पाइप असतो तो दिवसभर गरम राहतो, नळ सोडा नाहीतर नका सोडू, कारण गरम पाणी आपणहून वर चढतं. गार पाण्याच्या पाइपचाही टाकीजवळचा तुकडा झाकायचा, तोही कोमट असतो, हात लावून बघा. मी कोपरे तसेच उघडे सोडले होते, नंतर तिथेच हात पोळला, मग फोमची नळी ४५ अंशात कापून कोपऱ्यावर जोडली आणि टेप मारली. उन्हात पाइप असेल तर वरून अॅल्युमिनियमची टेप हवीच, नुसता फोम उन्हाने भुगा होतो. आणि गॅस गिझर असेल तर धुराच्या नळकांड्यापासून फोम निदान १५ सेंमी लांब, यात हयगय नको.

सोलरवाला
ज्यांच्याकडे पंप लावून गरम पाणी सतत फिरवतात त्यांच्यासाठी तर हा प्रश्नच नाही. उघडा पाइप मीटरला ३० वॉटच्या आसपास गमावतो, २० मीटरचा फेरा २४ तास चालला तर दिवसाला १४ युनिट हवेत जातात. फोमने त्यातले तीन चतुर्थांश वाचतात, आणि पंपाला टायमर लावला तर आणखी. सोलरचंही तसंच, टाकी ते नळ लांब असतं.

उंबरठा
मनापासून आभार सगळ्यांचे. गिझरजवळचा तुकडा आणि माळ्यावरचा पाइप करते, भिंतीतला राहू दे, त्यासाठी टाइल्स नाही फोडणार. नळी कुठल्या मापाची घेऊ, २० मिमी?

जिना_खालचा
ताई, २० हे आतलं माप असेल तर नळी बसणारच नाही. पाइपला बाहेरून दोरी गुंडाळा, लांबी ३.१४ ने भागा, येईल तो व्यास घेऊन जा.