आरसी ३९०: ब्रेकला नाक बुडतं, खराब रस्त्यावर हँडल बडवतं. आधी कोणता स्क्रू फिरवायचा?

घाटमाथा_३९०
गाडी केटीएम आरसी ३९०, पुढे डब्ल्यूपी अपेक्स ४३ मिमी, कॉम्प्रेशन (दबण्याचा वेग) आणि रिबाउंड (परत वर येण्याचा वेग) ॲडजस्ट होणारा फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन. टायर स्टॉक मापाचे, ११०/७० आणि १५०/६०. जॅकेट-बूट-हेल्मेटसकट माझं वजन ८४ किलो. रोज पुणे शहर, सुट्टीला ताम्हिणी, आणि आता कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर ट्रॅक डे आहे.

त्रास दोन. जोरात ब्रेक मारला की पुढचं भस्सकन खाली जातं. आणि रस्त्यावर लागोपाठ उंचवटे आले की पहिले एक-दोन ठीक जातात, मग हँडल हाताला मार देतं. सध्या कॉम्प्रेशनचा स्क्रू पूर्ण बंदपासून १८ क्लिक बाहेर, रिबाउंडचा ६ (स्क्रू जितका बंद, तितका फोर्क हळू हलतो). गाडी घेतली तेव्हापासून असंच आहे. गॅरेजवाला म्हणतो कॉम्प्रेशन बंद करत न्या. करू का?

क्लिकमोज
नको. स्क्रूला अजून हातच लावू नका. आधी टायरची हवा थंड असताना तपासा, मग सॅग मोजा. सॅग माहीत नसताना क्लिक फिरवणं म्हणजे नंबर न काढता चष्मा घेणं.

सॅग म्हणजे तुमच्या वजनाने फोर्क किती बसतो ते. टेप, एक केबल टाय आणि मदतीला दोन माणसं लागतील. मोजायचं ते डस्ट सीलपासून (जाड नळीच्या तोंडाची रबरी कडी) खाली एक्सलच्या क्लॅम्पपर्यंत उघडा दिसणारा पाइप.

पहिलं माप पुढचं चाक पूर्ण उचलून, फोर्क लांब सुटलेला असताना. इथे बरेच जण फसतात: फोर्कला खालून उचलणाऱ्या पॅडॉक स्टँडवर वजन फोर्कवरच राहतं, तो पूर्ण सुटत नाही. स्टेअरिंग स्टेममध्ये जाणारा स्टँड हवा, नाहीतर गाडी साइड स्टँडवर टेकवून दोघांनी पुढून वर उचलून धरावी.

मग पूर्ण गिअर घालून गाडीवर नेहमीच्या बैठकीत बसा, एकाने मागून गाडी सरळ धरावी. दुसऱ्याने पुढचं दाबून हळूच सोडावं, थांबेल तिथे माप. मग थोडं वर उचलून हळूच सोडावं, पुन्हा माप. पुढच्या ब्रेकला बोटही लावू नका. या दोन मापांची सरासरी पहिल्या मापातून वजा केली की तुमचा रायडर सॅग. दोन मापांमधला फरक हे घर्षण. ते सीलचं आणि बुशचं (नळ्या ज्यावर सरकतात त्या कड्या) असतं. ५ ते १० मिमी चालतं, १५ च्या वर गेलं तर फोर्क कुठेतरी अडकतोय. हेच सगळं तुमच्याशिवाय, नुसत्या गाडीच्या वजनावर करा: तो फ्री सॅग.

या फोर्कची चाल, म्हणजे तो एकूण किती दबू शकतो ते, १२० मिमी आहे. रस्त्यासाठी रायडर सॅग ३५ ते ४०, ट्रॅकसाठी ३० ते ३५. फ्री सॅग २० ते २५.

केबल टाय पाइपवर डस्ट सीलला टेकवून घट्ट बांधा आणि मोकळ्या रस्त्यावर चार-पाच कडक ब्रेक मारून या. मग फोर्क पूर्ण सोडून सील ते टाय अंतर मोजा. आकडे इथे टाका.

कोनसेट_आधी
वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी पाच मिनिटं द्या. पुढचा ब्रेक धरून गाडी पुढे-मागे हलवा. टक् असा आवाज किंवा खेळ जाणवला तर तो फोर्क नाही, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला आहे. तो तसाच ठेवून सस्पेन्शन लावणं फुकट.

दुसरं, पंक्चर काढताना चाक काढलं असेल तर पिंच बोल्ट (एक्सल चिमटून धरणारे) कसे आवळले ते महत्त्वाचं. क्रम असा: एक्सल मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, पिंच बोल्ट ढिले ठेवा, गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा जोरात दाबा, आणि मगच पिंच बोल्ट. दाबल्याने फोर्कचा मोकळा पाय (दोन नळ्यांपैकी एक बाजू) एक्सलवर सरकून आपल्या जागी येतो. घाईत आधीच आवळला तर दोन पाय समांतर राहत नाहीत आणि फोर्क जड चालतो. खालच्या टीचे (फोर्कचे दोन्ही पाय धरणारा आडवा भाग) बोल्ट अंदाजाने करकचून आवळले तरी तेच: यूएसडी (उलट्या, जाड नळी वर असलेल्या) फोर्कची बाहेरची नळी ॲल्युमिनियमची, ती दाबली जाते आणि आतलं बुश घासतं.

घाटमाथा_३९०
कोनसेटला खेळ नाही. पिंच बोल्ट सांगितल्याप्रमाणे पुन्हा आवळले. मापं:
फोर्क पूर्ण लांब १२८ मिमी
मी बसून, दाबून सोडल्यावर ८४, उचलून सोडल्यावर ९२
नुसती गाडी, सरासरी १०३
केबल टाय सीलपासून १०४ मिमीवर

क्लिकमोज
छान मापं घेतलीत. ८४ आणि ९२ ची सरासरी ८८, म्हणजे रायडर सॅग ४०. फ्री सॅग २५. घर्षण ८, ठीक. रस्त्याच्या हिशेबाने स्प्रिंग तुमच्या वजनाला चालणारी आहे. रायडर सॅग बरोबर येण्यासाठी एवढा प्रीलोड (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणं) द्यावा लागला असता की फ्री सॅग १०-१२ वर आला, तर स्प्रिंग मऊ म्हटलं असतं. (प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर उभी राहते. हे पंधरा वर्षं फोरमवर लिहितोय.)

आता टाय बघा. कडक ब्रेकिंगला १२० पैकी १०४ वापरले, १६ शिल्लक. म्हणजे फोर्क तळाला जात नाहीये. १० ते १५ शिल्लक राहणं आदर्श, तुम्ही जवळपास तिथेच आहात. तुम्हाला खटकतंय ते किती खाली जातं हे नाही, किती वेगाने जातं हे. आणि खरा गुन्हेगार माझ्या मते तुमचा रिबाउंड आहे. ६ क्लिक म्हणजे फारच बंद.

होतं असं: पहिल्या उंचवट्याला फोर्क दबतो, रिबाउंड घट्ट असल्याने पूर्ण वर यायच्या आत दुसरा येतो. तो आणखी खाली, तिसरा आणखी. अशाने फोर्क चालीच्या शेवटच्या भागात जाऊन बसतो, तिथे आतली हवा दाबली गेलेली असते आणि सगळंच कडक लागतं. हाताला मार बसला की माणूस म्हणतो कॉम्प्रेशन जास्त आहे, आणि ते उघडतो. फोर्क आणखी लवकर बसतो. तुमचं वर्णन, पहिले एक-दोन ठीक आणि मग मार, हे याचंच लक्षण. कॉम्प्रेशन घट्ट असतं तर पहिलाच उंचवटा लागला असता.

लाल ॲडजस्टर, उजवा पाय: रिबाउंड. पांढरा, डावा: कॉम्प्रेशन. प्रत्येक पायात वेगळं काम असल्याने दोन्हीकडचे आकडे सारखे असण्याची गरज नाही. आधी घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने बंद करा, अडलं की थांबा. जोर लावलात तर आतली सुई आणि तिची बैठक खराब होते. तिथून बाहेर मोजत या.

रिबाउंड ८ वर, तोच रस्ता, त्याच वेगाने. मग १०, मग १२. कॉम्प्रेशन तोवर १८ वरच. उभ्या गाडीचं पुढचं जोरात दाबून सोडलं की फोर्क वर येऊन एकदाच स्थिरावला पाहिजे. वर येऊन पुन्हा खाली डुलला तर जास्त उघडलंत, दोन क्लिक मागे. वळणातून बाहेर पडताना पुढचं हलकं, भिरभिरल्यासारखं वाटलं तरी तेच.

सेंटिस्टोक
ब्रेकला बुडण्यावर एक भर. कॉम्प्रेशन डॅम्पिंग फोर्क हलत असेपर्यंतच काम करतं. ब्रेक धरून ठेवला आणि फोर्क स्थिरावला की तुम्हाला धरून ठेवते ती स्प्रिंग आणि वरची हवा. म्हणून कॉम्प्रेशन बंद करून बुडणं फक्त हळू होतं, कमी होत नाही. लिव्हर झटक्यात न ओढता आधी हलकं टेकवून मग दाबलं तर निम्मी तक्रार तिथेच जाते.

ट्रॅकवर टाय ११५ च्या पुढे जायला लागला तर स्प्रिंगआधी ऑइलची पातळी बघा. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या तोंडापासून ऑइलपर्यंतचं अंतर. ते ५ मिमीने कमी केलं की चालीचा शेवटचा तिसरा भाग कडक होतो, सुरुवातीला फारसा फरक पडत नाही. ऑइल घेताना डब्यावरच्या ५डब्ल्यू-१०डब्ल्यूवर जाऊ नका, कंपनीगणिक ते बदलतं. ४० अंशाला किती सेंटिस्टोक (ऑइलच्या घट्टपणाचं माप) ते जुळवा.

घाटमाथा_३९०
रिबाउंड १२ वर हँडलचा मार गेला. १४ वर डुलायला लागलं, म्हणून १२ वर आणलं. ट्रॅकसाठी सॅग ३५ करायचा तर? या फोर्कला प्रीलोडचा नट नाही.

क्लिकमोज
आतल्या स्पेसरवर ५ मिमीची ॲल्युमिनियमची चकती, स्प्रिंग असलेल्या प्रत्येक पायात. व्यास जुन्या स्पेसरइतकाच, कडा घासून गुळगुळीत, नाहीतर कीस ऑइलमध्ये जातो. सॅग ३५, फ्री सॅग २० च्या आसपास येईल. टोपी उघडताना स्प्रिंग दाबलेली असते, चेहरा वर धरू नका. पाय टीमध्ये असतानाच टोपी सैल करा: आधी वरच्या टीचा बोल्ट ढिला, मग टोपी. बाहेर काढल्यावर ती सुटत नाही.

पुढचं ५ मिमी उंच झाल्याने गाडी वळायला किंचित आळशी वाटेल. वाटलं तर दोन्ही पाय टीमधून ३ मिमी वर सरकवा, कॅलिपरने मोजून, दोन्हीकडे अगदी सारखे. मग पुढचा मडगार्ड आणि ब्रेकचा पाइप कुठे टेकत नाही ना ते फोर्क पूर्ण दाबून बघा. कॉम्प्रेशनला करीला पोचल्यावर हात लावा, दोन क्लिकने, टाय बघत.